साठ मिली

अठराव्या वर्षी मत दिलं,
एकविसाव्या वर्षी आत्यानं स्थळं आणली,
ग्लासासाठी मात्र सरकारनं
पंचविशीपर्यंत ताटकळत ठेवलं.
मित्रांनी दहावीतच उरकलं होतं,
रेणापूर नाक्याच्या पलीकडं.
मी थांबलो.
वजनमापे खात्यात कारकून आहे मी,
एक ग्रॅम इकडंतिकडं झालं
तरी रात्री झोप लागत नाही.

म्हणून आज औसा रोडला,
इस्त्रीचा शर्ट, खिशात एक दिवसाचा परवाना
आणि आठवडाभर घोकलेली नावं.
सिंगल माल्ट. ड्राय जिन. ऑन द रॉक्स.
आरशासमोर म्हणून पाहिलेली,
हळू आवाजात,
भिंतीपलीकडं नीटची पोरं अभ्यास करतात.

आत शिरलो तर गल्ल्यावरचे मठपती ताडकन उभे.
"साहेब, मापं मार्चमध्येच तपासली की हो!
शिक्का तुमच्याच हातचा."
म्हटलं, तपासणी नाही. गिऱ्हाईक.
हे त्यांना जास्त अवघड गेलं.

मंचक वेटर, पाखरसांगवीचा.
"काय घ्यायलाव?"
घोकलेलं सगळं पुसलं गेलं.
"काहीतरी दर्जेदार," म्हणालो,
अक्काच्या लग्नात सुटाचं कापड मागितलं होतं, तसं.

मंचक हसला नाही.
"दर्जा बाटलीत नसतो असं मी म्हणणार नाही.
असतो. पण तुमच्या पगाराएवढा असतो.
ते कोपऱ्यात देशमाने वकील,
एक पेग, दोन तास.
ते पंख्याखाली चेनवाले,
सगळ्यात महाग बाटली, अन् वरून कोला.
कुणासारखं बसायचं ते आधी ठरवा,
मग बाटलीचं बघू."

मी घाबरून पाण्याचा घोट घेतला
आणि सहज बोलून गेलो,
"जारमधून आलं असेल, पण हे बोअरचं आहे.
जिभेच्या कडेला खडू लागतो."
मंचक थबकला. दुसरा ग्लास आणला.
"अन् हे?"
"टँकरचं. टाकीला आतून नवा रंग दिलाय."
तिसरा.
"हे तर मांजराचं. ह्याला काय ओळखायचं?"
मठपती गल्ला सोडून आले.

अहो, मी पंधराचा होतो
तेव्हा या गावात पाणी रेल्वेनं आलं.
आम्ही भावंडं डोळे झाकून पैज लावायचो,
कुठल्या घागरीत कुठलं.
अक्का कधी चुकली नाही.
मी दोनदा.

"मग तुमच्या जिभेला शिकवणी कशाला?"
मंचक म्हणाला, आणि लातुरात
असं म्हणणारा पहिलाच माणूस मला भेटला.

त्यानं माप उजेडात धरलं,
माझाच शिक्का माझ्याकडं वळवला,
रेघेपर्यंत भरलं, ओतलं.
वास घेतला.
थंडीत खळ्यावर पेटवलेल्या तुराट्या.
मग औषधाचं दुकान.
मग काहीतरी गोड, त्याला आमच्याकडं नाव नाही.
आवडलं का?
घसा जळाला, डोळे भरले,
वकिलांनी लांबूनच दोन बोटं दाखवली,
पाणी, दोन थेंब.
कुठलं घालू, मी विचारलं.
मंचकनं मांजराचा ग्लास पुढं सरकवला.
धूर जरासा बसला
आणि त्या गोडानं डोकं वर काढलं.

तासभर बसलो. अर्धा उरला.
बिलाची बेरीज दोनदा करून पाहिली.
दाराशी मठपतींनी धीर केला,
"कसं वाटलं, साहेब?"
"माप बरोबर आहे," म्हटलं.

रिक्षातून अक्काला फोन लावला
आणि तिला
फक्त पाण्याचं सांगितलं.